निकाली

रात्री झोप येत नसली की मी प्ले स्टोअर उघडतो आणि महाराष्ट्रातल्या महापालिका-नगरपालिकांच्या ॲपखालचे रिव्ह्यू वाचत पडतो. ॲप उतरवून घेत नाही, नुसते रिव्ह्यू. मित्र रील बघतात, मी हे बघतो. सुरुवात कामाचा भाग म्हणून झाली होती, आता ते काम सुटलं तरी सवय राहिली आहे.

यातले बरेचसे रिव्ह्यू म्हणजे सरळ सरळ अर्ज असतात. 'महोदय' किंवा 'नमस्कार साहेब' अशी सुरुवात. मग गल्लीचं नाव, अमक्या मंदिराच्या मागं, डावीकडचा दुसरा खांब, किती दिवस झाले, कुणाकुणाला सांगून झालं. काहीजण खाली स्वतःचा मोबाईल नंबरही टाकतात, जगाला दिसेल असा. ॲप कसं चालतं हे सांगायला गूगलनं ती जागा ठेवली, आपल्या माणसानं तिथं टपालपेटी बसवली. चांदण्यांचंही तसंच. एक चांदणी देऊन शिव्या घालणारे समजू शकतो, पण पाच चांदण्या देऊन खाली गटाराची तक्रार लिहिणारेही कमी नाहीत. मला आधी वाटायचं, चुकून दिल्या असतील. आता वाटतं, अर्जाच्या डोक्यावर 'श्री' लिहावं तशा त्या दिलेल्या असतात. साहेबाला मान दिला की साहेब वाचेल, हा त्यामागचा हिशोब.

साहेब वाचत नाही. खाली इंग्रजीत एक ठरलेलं उत्तर येतं: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया या पत्त्यावर मेल करा. ते उत्तर मला चांगलं ओळखीचं आहे, कारण दीड-दोन वर्षं ते चिकटवणाऱ्यांपैकी मी एक होतो.

तेव्हा आधी माझा हितसंबंध सांगून टाकतो. २०२१ ते २०२३ मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो आणि आम्ही एका नगरपालिकेचं नागरिक ॲप बनवलं. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या कोल्हापुरातलं नव्हे एवढं पुरे. मूळ टेंडर दुसऱ्याच कंपनीला मिळालेलं, आम्ही त्यांच्या खालचे. कामाच्या यादीत संगणक, प्रिंटर, स्कॅनर आणि त्यांच्या रांगेत 'नागरिकांसाठी मोबाईल ॲप – १ नग' असं लिहिलेलं होतं. नग. खुर्चीसारखा. खुर्ची पोचली की बिल निघतं, तिच्यावर कुणी बसतं का हा पुढचा प्रश्न.

या ॲपांबद्दल लोकांचं मत वाईट आहे हे सांगायला लेख लागत नाही. कुणालाही विचारा. पण हे मत नेमकं कशाबद्दल आहे, ते मला इतक्या वर्षांत हळूहळू उमगलं. उदाहरणार्थ, सगळ्यात जास्त वेळा दिसणारं वाक्य: ओटीपी येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, सर्व्हर भंगार असणार. क्वचित तसं असतंही. पण ओटीपीचे मेसेज विकत घ्यावे लागतात, लाखाच्या पॅकमध्ये, रिचार्जसारखे. पॅक संपतो. नव्या पॅकचं बिल लेखा विभागात जातं आणि तिथं एका सहीसाठी अडकतं. शिवाय मेसेजचा मजकूर आधी नोंदवून ठेवावा लागतो, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला की मेसेज वाटेतच अडवला जातो. ८ मार्च २०२१ ला हा नियम कडक झाला तेव्हा देशभर बँकांचेसुद्धा ओटीपी अडकले आणि ट्रायला तो नियम आठवडाभर थांबवावा लागला. बँकांनी आपले मजकूर धावपळ करून सुधारून घेतले. आमच्या नगरपालिकेत मजकूर कुणी मंजूर करायचा हेच ठरायला कितीतरी आठवडे गेले. म्हणजे 'ओटीपी येत नाही' हा रिव्ह्यू खरं तर लेखा विभागाचा आहे.

तसंच 'ॲप गायब झालं' याचं. गूगल ठरावीक काळानं ॲप नव्या अँड्रॉइडप्रमाणे अद्ययावत करायला लावतं. केलं नाही तर नव्या फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसणंच बंद होतं. देखभालीचा करार संपला की अद्ययावत कोण करणार? लोकांना वाटतं सरकारनं ॲप बंद पाडलं. तसा निर्णय कुणीच घेतलेला नसतो, फाइल पुढं सरकलेली नसते एवढंच.

हे दोन्ही रोग बरे होण्यासारखे आहेत. पैसे आणि सही मिळाली की झालं. त्यापुढची गोष्ट अवघड आहे, ती भाषेची.

आमच्या ॲपचं मराठी मी टाइप केलं होतं. इंग्रजी शब्दांची एक एक्सेल यायची, शेजारच्या रकान्यात मराठी भरायचं. मोबाईल क्रमांक 'प्रविष्ट करा'. छायाचित्र 'संलग्न करा'. मी जन्मापासून मराठी बोलतो, मी आजवर काहीही प्रविष्ट केलेलं नाही. तरी लिहिलं, कारण आधीच्या सगळ्या सरकारी ॲपांत तसंच होतं आणि 'नंबर टाका' लिहिलं तर ते हलकं दिसेल असं वरून सांगण्यात आलं. हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण पुढची यादी तशी नाही. 'तक्रारीचा प्रकार निवडा' या खाली सतरा-अठरा नावं होती: पथदीप, मलनिःसारण, घनकचरा व्यवस्थापन, जलनिःसारण, अतिक्रमण. ही नावं लोकांच्या तक्रारींची नव्हेतच, ती खात्यांची नावं आहेत. ऑफिसातल्या दरवाजांवरच्या पाट्या उचलून आम्ही फोनमध्ये लावल्या. दारात तुंबलेलं गटर घेऊन उभ्या असलेल्या बाईनं आधी ओळखायचं की हे मलनिःसारण की जलनिःसारण. चुकली तर तक्रार चुकीच्या टेबलावर, आणि तिथला माणूस 'आमच्याशी संबंधित नाही' असा शेरा मारून मोकळा.

काही तक्रारी तर कुठल्याच खान्यात बसत नव्हत्या. पाणी येतं, पण पहाटे तीनला येतं. खड्डा बुजवला, पण असा की पाणी आता आमच्या उंबऱ्याकडं वळतं. घंटागाडी येते, पण थांबत नाही. माणसाच्या तक्रारीत एक 'पण' असतो. आमच्या यादीत 'पण' नव्हता. 'इतर' होतं, आणि 'इतर'ला कुठलंच खातं जोडलेलं नव्हतं. मी जोडायचं विसरलो असं नव्हे. कुठलं जोडायचं असं विचारलं होतं, उत्तर आलं नाही, आणि ॲपच्या उद्घाटनाची तारीख आली.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला तो. निकाली.

कोल्हापुरात हा शब्द कुस्तीचा आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानात बसून ज्यानं एकदा तरी कुस्ती बघितली आहे त्याला निकाली म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गुणांवर नाही, घड्याळावर नाही. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालणार, आणि लागली की ती हजारो डोळ्यांसमोर लागणार. पंचांनी हात वर करायच्या आधी गॅलरीला कळलेलं असतं. बरोबरीत सोडवली की लोक उठून ओरडतात, कारण ते निकाल बघायला आलेले असतात.

सरकारी ॲपमध्येही हाच शब्द आहे. तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. इथं कुस्ती लागलेलीच नसते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पंच, तोच हात वर करतो, आणि मैदान रिकामं.

हा हात वर करायची सोय मी केली. आमच्या ॲपमध्ये नियम असा होता: अधिकाऱ्यानं 'कार्यवाही केली' असं टाकायचं, नागरिकाला मेसेज जाणार, आणि सात दिवसांत त्यानं हरकत घेतली नाही तर तक्रार आपोआप निकाली. वाचायला ठीक वाटतं. मीही तो कोड ठीकच वाटून लिहिला, रोज रात्री बारानंतर चालणारा छोटासा कार्यक्रम. पण मेसेजचा पॅक संपलेला असायचा, ते वर सांगितलंच आहे. म्हणजे नागरिकाला मेसेज जायचाच नाही. त्याला हरकत घ्यायची आहे हेच त्याला कळायचं नाही, आणि सातव्या रात्री माझा कार्यक्रम त्याचं गप्प राहणं म्हणजे समाधान असं समजून तक्रार बंद करायचा. सकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या पडद्यावर हिरवा आकडा वाढलेला.

हे माझ्या लक्षात कधी आलं? एका मोबाईल नंबरमुळं. बग शोधताना तक्रारींची यादी चाळत होतो, तर एकच नंबर, एकच पत्ता, एकच तुंबलेलं गटर, अकरा वेळा. पहिल्या वेळी चार ओळी लिहिलेल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन. शेवटच्या दोन-तीन वेळा नुसतं 'गटर' एवढंच. अकराच्या अकरा निकाली. आणि अहवालात ती एक न सुटलेली तक्रार म्हणून दिसत नव्हती, अकरा सुटलेल्या तक्रारी म्हणून दिसत होती. गटर जितकं नादुरुस्त, तितकी नगरपालिकेची कामगिरी चांगली.

मी हे आमच्या मॅनेजरला सांगितलं. तोंडी सांगितलं, मेल केला नाही. मेल का केला नाही याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. बिल निघायचं होतं, दिवाळी जवळ होती, मी नवा होतो. त्या नंबरवर फोन करावा असंही दोनदा मनात आलं, पण फोन करून काय सांगणार होतो?

सरकारला लोकांचं मत नको असतं, असं म्हणणं मात्र खरं नाही. हवं असतं, फार हवं असतं, फक्त मोजलेलं हवं असतं. २०१८ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षीच्या स्वच्छ सर्वेक्षणात ४००० गुणांपैकी १४०० नागरिकांच्या अभिप्रायाला होते आणि त्यात केंद्राच्या 'स्वच्छता' ॲपचाही वाटा होता. शहरात किती जणांनी ते डाउनलोड केलं यालाही गुण. मग काय व्हायचं ते झालं. एका तासाला सर वर्गात आले, म्हणाले, सगळ्यांनी फोन काढा. साठ फोन बाहेर आले, साठ ॲपं उतरली, सरांनी रांगेतून फिरून पडदे बघितले. पुढच्या तासाला जागा मोकळी करायला ते उडवलं गेलं. त्या दिवशी शहराच्या खात्यात साठ जागरूक नागरिक जमा झाले. मी त्यातला एक. एकानंही तक्रार केली नाही, त्यामुळं आमचं समाधानही झालं असणार.

म्हणून चांदण्यांच्या सरासरीवरून 'जनमत' काढणाऱ्या बातम्या मला पटत नाहीत. खाली उतरवलेल्या ॲपांची संख्या सांगणाऱ्या जाहिराती तर त्याहून नाहीत. ज्यांनी मत खरोखर दिलं त्यांनी ते वेगळ्याच रीतीनं दिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. प्रकल्प कार्यालयांत जाऊन, टेबलावर ठेवून आल्या. फोन दोन जीबी रॅमचे, तापणारे, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी, आणि 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत. बाळाचं वजन मराठीत लिहिणाऱ्या बाईनं ते इंग्रजी पडद्यावर शोधून भरायचं. त्यांनी एक चांदणी दिली नाही की पाच दिल्या नाहीत. ॲपची समीक्षा म्हणून मला याहून नेमकं काही माहीत नाही: ज्या यंत्रात तुमचं ॲप आहे ते यंत्रच घ्या.

आमच्या जिल्ह्यालाही मत मांडायला शिकवावं लागत नाही. रस्त्यांचा टोल उठवायला वर्षानुवर्षं मोर्चे निघाले आणि २०१५ च्या डिसेंबरात तो रद्द झाला. २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण वनतारात नेली, तेव्हा लोकांनी जिओची सिम पोर्ट करायला सुरुवात केली. फोनचा वापर मत देण्यासाठी कसा करायचा ते शिरोळ तालुक्यातल्या म्हाताऱ्यांनी दाखवून दिलं. अशा गावात लोक तक्रारीच्या ॲपकडं बघतही नाहीत, ते आळशी आहेत म्हणून नव्हे.

माझ्या आईचंच घ्या. आम्ही पेठेत राहतो. पाणी आलं नाही की ती चावीवाल्याला फोन करते. चावीवाला म्हणजे व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये 'पाणी' या नावानं आहे. पलीकडून तो सांगतो, "वहिनी, वरची टाकी भरली नाही अजून, साडेसहाला सोडतो." साडेसहाला पाणी येतं किंवा येत नाही, पण तिला खरं कारण कळलेलं असतं. कचऱ्याला मुकादम, बाकी सगळ्याला तालमीतली पोरं आणि माजी नगरसेवक. मी एकदा तिला ॲपबद्दल सांगायला गेलो तर म्हणाली, "त्यात कोण बोलतंय? मी आपला त्यालाच फोन करतो." (आमच्याकडं बायका 'करतो'च म्हणतात. पुण्यात असताना हे समजावून सांगण्यात माझा बराच वेळ गेला.)

इथं लेख संपवता आला असता. माणूस चांगला, ॲप वाईट, चावीवाला झिंदाबाद. पण ते खरं नाही आणि ते मला आमच्याच घरात दिसतं. वरच्या मजल्यावर गडहिंग्लजकडच्या तीन मुली भाड्यानं राहतात, शिकायला आलेल्या. त्यांच्याकडं चावीवाल्याचा नंबर नाही. तालमीत त्या जाऊ शकत नाहीत. त्यांचं मत या प्रभागात नाही, म्हणून माजी नगरसेवकाला त्या दिसतही नाहीत. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बाहेरून आलेले कामगार राहतात, त्यांचंही तेच. आणि ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत दुसऱ्या गटाच्या गल्लीचं पाणी किती वेळा 'साडेसहाला' येतं, हे पेठेत वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. ओळख नसलेल्या माणसाचं म्हणणं ओळख असलेल्याइतकंच नोंदवून घेणं, हे ॲपचं वचन खोटं नव्हतं. म्हणून तर ते मोडल्याचा राग येतो.

शिवाय नगरसेवकही कायमचा नसतो. आमच्या महापालिकेच्या ८१ नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक. राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत २०२२ पासून हीच गत होती. ज्याच्या दारात जाऊन आवाज चढवायचा तो माणूसच कायद्यानं नाही, अशी ती वर्षं. नेमकी हीच वर्षं गावोगाव पोर्टल, हेल्पलाइन आणि ॲपांची. २०२५ च्या फेब्रुवारीत तर राज्य सरकारनं व्हॉट्सॲपवर सेवा देण्यासाठी मेटाशी करार केला. सेवा हातात येते याला माझा विरोध नाही, दाखला व्हॉट्सॲपवर मिळाला तर मीही घेईन. पण दाखला आणि तक्रार यात फरक आहे. दाखल्यात सरकार आणि मी एकाच बाजूला असतो. तक्रारीत नसतो.

मग लोक सरकारी माहितीवर विश्वास ठेवतच नाहीत का? ठेवतात, आणि त्याचं उदाहरण कोल्हापुरातच आहे. पावसाळ्यात इथल्या प्रत्येक फोनवर एक मेसेज फिरतो: राजाराम बंधारा, पाण्याची पातळी, इतके फूट इतके इंच, वेळ अमुक. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. २०१९ ला ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच, हे आकडे शाळकरी पोरंही सांगतात. कुणी त्याला रंगीत बटणं लावली नाहीत, 'पातळी प्रविष्ट' केली नाही. आकडा सरकारी माणूस काढतो, आणि तरीही पुराच्या रात्री लोक त्या आकड्यावर जनावरं सोडतात, गाड्या हलवतात, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडं पोचवतात. का? मला एकच कारण दिसतं. शंका आली तर गाडीला किक मारून पंचगंगा घाटावर जाता येतं. पाणी कुठल्या पायरीला आहे ते कुणालाही दिसतं. सरकार खोटं बोललं तर नदी सांगेल.

तक्रारीच्या ॲपात ही नदी नाही. माझी तक्रार फक्त मला दिसते, तिचा शेवट फक्त त्यांना ठरवता येतो. इंग्लंडमध्ये २००७ पासून 'फिक्स माय स्ट्रीट' नावाची एक साइट आहे, सरकारबाहेरच्या लोकांनी काढलेली. तिच्यात हुशारी एवढीच की खड्डा नकाशावर सगळ्यांना दिसतो, आणि बुजला नाही हेही सगळ्यांना दिसतं. आपल्याकडं मुंबई महापालिकेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये आठवडाभर एक आव्हान घेतलं होतं: एक फूट लांब आणि तीन इंच खोल खड्डा ॲपवर कळवा, २४ तासांत बुजला नाही तर ५०० रुपये घ्या. लोकांनी टेप लावून खड्डे मोजले. रक्कम किरकोळ होती, पण तेवढा आठवडा निकाल घड्याळाच्या हातात होता, खात्याच्या नव्हे. आठवडा संपला, आव्हान संपलं. ते कायमचं का ठेवलं नाही, हे विचारायला हवं होतं.

नागरिकाच्या शब्दावर विश्वास टाकता येत नाही, असं मला पुष्कळदा ऐकवलं गेलं आहे. लोक मुद्दाम तक्रार बंद करणार नाहीत, सूड उगवतील, राजकारण करतील. करतीलही. पण याच राज्यात, १५ ऑगस्ट २०२१ ला, 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. सातबाऱ्यावर कुठलं पीक आहे ही गोष्ट तलाठ्याच्या लेखणीतून काढून शेतकऱ्याच्या फोनमध्ये दिली गेली. करवीर तालुक्यातल्या माझ्या मामाला त्या ॲपचा भयंकर वैताग आहे. उसात शिरून फोटो काढायचा, रेंज नाही, ॲप म्हणतं तुम्ही गटापासून लांब आहात, आणि मामा त्याच गटाच्या मधोमध उभा. शिव्या देतो. पण दर हंगामाला भरतो, कारण भरलं की सातबाऱ्यावर उतरतं, आणि उतरलेलं त्याला वाचता येतं. या ॲपमागचं तत्त्व असं की शेतकऱ्यानं सांगितलेलं खरं धरायचं आणि त्यातल्या दहा टक्क्यांची तलाठ्यानं तपासणी करायची. जमिनीच्या कागदावर, जिथं भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात तिथं, सरकार माणसाचा शब्द धरू शकतं. मग गल्लीतला दिवा लागला की नाही एवढ्यावर का धरू शकत नाही?

नोकरी सोडायच्या आधी मी हे एकदा मांडलं होतं. नगरपालिकेत आढावा बैठक होती, मला पडदा चालवायला नेलं होतं. चहा झाल्यावर मी म्हणालो, सर, तक्रार बंद करायचं बटण नागरिकाकडं देऊ. त्यानं बंद केली तरच निकाली. तो गप्प राहिला तर 'प्रलंबित' दाखवू, आपोआप बंद नको. दहा टक्के तपासा, कुणी खोडसाळपणा करतोय असं दिसलं तर बघता येईल. काम दोन दिवसांचं आहे, वेगळे पैसे नकोत.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण मग आकडा लाल दिसेल. आणि लाल आकड्याचा खुलासा मला वर द्यावा लागतो, गटाराचा नाही."

एवढ्या वर्षांत या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच. मी ते विरोधात वापरत नाही. त्यांना वरच्या ॲपमध्ये कुणीतरी चांदण्या देत होतं.

ते ॲप आता स्टोअरवर सापडत नाही. करार संपला असणार. त्या अकरा तक्रारी कुठल्या तरी सर्व्हरच्या बॅकअपमध्ये असतील, नसतीलही. नंबर मी उतरवून घेतला नव्हता.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरची एक मुलगी जिना उतरता उतरता थांबली. "दादा, तुम्ही ॲप बनवता ना? पाणी कधी सोडणार ते कळायचं कुठलं ॲप आहे का?" मी दोन मिनिटं विचार केला. मग आईच्या फोनमधून 'पाणी' नावाचा नंबर तिला पाठवला आणि सांगितलं, आमच्या घराचं नाव सांग, म्हणजे बोलेल.

तिनं लावला. त्यानं उचलला नाही. "अनोळखी नंबर आहे ना," ती म्हणाली, "परत बघते." आणि वर गेली.